शिष्यत्वाचे मोल : रेव्हरंड नारायण वामन टिळक

प्रभूच्या मागे जाण्याचा विचार कोणी बोलून दाखविला म्हणजे गावात दोन प्रश्न हटकून विचारले जातात. यात तुला मिळणार काय, हा पहिला. आणि यात तुझे जाणार काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पाळक व उपदेशक मोठ्या उत्साहाने देतो. दुसऱ्या प्रश्नाशी आलो म्हणजे आमचा आवाज थोडा खाली येतो. प्रभूने मात्र तसे केले नाही. बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याने आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टांत देऊन त्याने खर्चाची गोष्टच आधी काढली. जे त्याच्या मागे आले, त्यांस त्याने अंधारात ठेवले नाही.

परंतु या दोन प्रश्नांहून कठीण असा एक तिसरा प्रश्न आहे व तो सहसा कोणी विचारीत नाही. तो हा की, हे मोल भरणार कोण? जो शिष्य होतो तो रानातल्या एकट्या झाडासारखा नसतो. त्याला बायको असते, लेकरे असतात, म्हातारे आईबाप असतात. निश्चय त्याचा, पण घाव बहुतेक वेळा घरातील सर्वांवर बसतो. या प्रश्नाचा विचार करावयाचा तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राइतके बोधप्रद चरित्र आपल्या मराठी मंडळीत दुसरे क्वचितच सापडेल. त्यांची भजने आपण सर्व जण गातो. संध्याकाळी टाळ वाजू लागले की ज्यांस अक्षर येत नाही त्या म्हाताऱ्या बायाही ती तोंडपाठ म्हणतात. पण ती भजने कोणत्या घरातून आली व त्या घराने काय सोसले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून आज त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली डिसेंबर महिन्याच्या ६ व्या तारखेस कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व त्यांचा स्वभाव फार कडक होता. आई जानकीबाई मोठी भाविक व मृदू मनाची बाई होती. तिला कवितेची गोडी होती, आणि मुलास तो छंद तिच्यापासूनच लागला. टिळक अकरा-बारा वर्षांचे असता ही माउली वारली. त्या दिवसापासून मुलाचे घरातील चित्त उडाले, व थोड्याच काळात तो घर सोडून नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वान शास्त्र्यांच्या चरणांशी बसून त्याने संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेचे शिक्षण जेमतेम दोन वर्षे झाले. पुढे संसाराचा भार पडल्यामुळे ते सोडून शिक्षकाची नोकरी पत्करावी लागली.

नाशिकजवळ जलालपूर नावाचे गाव आहे. तेथील गोखल्यांची मुलगी मनकर्णिका हिच्याशी त्यांचे लग्न झाले. मुलीचे वय त्या वेळी अकराच्या सुमारास होते. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. पुढे साऱ्या महाराष्ट्राने जिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखिले ती हीच. तिच्या माहेरच्या सोवळ्याची कल्पना आज येणार नाही. तिच्या वडिलांस विटाळाचे असे भय होते की बाजारातून आणलेला जिन्नसदेखील धुतल्यावाचून घरात येत नसे. ज्या घरात धान्यासही शुद्ध करून घ्यावे लागे, त्या घरात ही मुलगी लहानाची मोठी झाली. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

टिळकांचा पाय एका ठिकाणी ठरत नसे. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी आणखी काही, असा त्यांचा क्रम चालला होता. हाती पैसा आला की तो गरजवंताच्या हाती जावयाचा आणि घरी चूल पेटण्याची पंचाईत पडावयाची. स्वभाव अत्यंत उदार, पण तितकाच तापट. रागाने घर डोक्यावर घ्यावे व घटकेत लहान मुलासारखा पश्चात्ताप करावा. पुढे नागपुरास त्यांस श्रीमंत आश्रयदाता मिळाला व तेथे त्यांनी धर्मविषयक लेखन केले, मासिकही चालविले. बाहेरून पाहणारास वाटावे की हा मनुष्य आता स्थिरावला. पण अंतःकरणात मोठी खळबळ चालू होती. आपला देश वर कसा येईल, जातीजातींत पडलेली फूट कशी सांधली जाईल, आणि देवाशी मनुष्याचे खरे नाते कोणते, हे तीन प्रश्न त्यांस झोप येऊ देत नसत. जुन्या धर्माने समाधान होईना. तेव्हा आपणच एक नवा धर्म स्थापावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते.

अशा अवस्थेत १८९३ च्या सुमारास ते नोकरीसाठी नागपूरच्या पूर्वेस असलेल्या राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने जावयास निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. तो आपल्यास जागा देईल की उठवून लावील, अशी शंका त्या काळी कोणाही हिंदी मनुष्याच्या मनात आली असती. पण त्याने त्यांस आदराने बसवून घेतले व संस्कृत काव्यावर गोष्टी काढल्या. बोलता बोलता विषय धर्माकडे वळला. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांस नव्या कराराची एक प्रत दिली आणि तिचा प्रामाणिकपणे अभ्यास केल्यास दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांस तेव्हा ते हास्यास्पद वाटले. तरी पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते व ते पाळणे प्राप्त होते. एवढे बोलून तो गृहस्थ निघून गेला. ज्या मनुष्याने एवढे काम केले त्याचे नाव टिळकांस विचारून घेण्याचे सुचले नाही. जे उपदेशक उन्हातान्हात एखादी पुस्तिका वाटून पुढल्या गावी जातात व आपल्या श्रमाचे पुढे काय झाले हे ज्यांस कधी कळत नाही, त्यांनी ही गोष्ट मनात साठवून ठेवावी.

वाचता वाचता टिळक मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे त्यांचे पाऊल अडले. शत्रूवर प्रीती, गुप्त दान, मनाची शुद्धता, आणि देवाला बाप म्हणून हाक मारण्याचा अधिकार, हे सर्व त्यांस एकाच ठिकाणी भेटले. जे आपण नव्या धर्मात घालणार होतो ते येथे आधीच आहे, आणि ते सांगणारा नुसते सांगत नाही तर तसा जगला व त्यासाठी मेला, असे त्यांच्या प्रत्ययास आले. लहानपणी कानी पडलेली तुकोबांची वाणी येथे त्यांच्या उपयोगी पडली. संतांच्या भक्तीनेच आपल्यास ख्रिस्ताच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडले, असे ते पुढे कृतज्ञतेने मानीत. मग त्यांनी मुंबईच्या मिशनरी मंडळींशी पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या आणि शेवटी निश्चय केला. १८९५ साली फेब्रुवारीच्या १० व्या तारखेस मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्यास बाप्तिस्मा गोऱ्या मिशनऱ्याने न देता देशी पाळकाने द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे रेव्हरंड तुकारामजी नथोजी यांच्या हातून तो विधी झाला. त्या अनोळखी प्रवाशाने दिलेली मुदत तेव्हा नुकतीच भरत आली होती.

येथपर्यंतचे चरित्र आपण मंडळीत आनंदाने सांगतो, आणि पुष्कळदा येथेच थांबतो. थांबू नये. कारण मोल द्यावयाचे ते येथून पुढेच होते.

टिळकांचे मोल उघड दिसणारे होते. जात गेली, नातलग गेले, मित्रांनी पाठ फिरविली. जो मनुष्य देशाच्या प्रीतीने धर्म शोधावयास निघाला होता, त्याला देशद्रोही म्हणून ऐकून घ्यावे लागले. आश्रयदात्याची कृपा व विद्वान शास्त्री म्हणून मिळालेला मान, हे सर्व एका दिवसात सरले. हे मोल त्यांनी जाणूनबुजून दिले. त्यांस काय मिळत आहे ते त्यांस दिसत होते, म्हणून काय जात आहे याचे त्यांस ओझे झाले नाही.

पण लक्ष्मीबाईंचे काय? बाप्तिस्म्याच्या वेळी त्या जवळ नव्हत्या. टिळकांचे मन कोणीकडे चालले आहे याची कुणकुण घरात लागली होती. परंतु उघडपणे सर्व सांगून, समजावून, पत्नीची संमती घेऊन हे पाऊल टाकले गेले नव्हते. वार्ता त्यांस मागाहून कळली. पदरी दत्तू नावाचा तीन-चार वर्षांचा मुलगा. त्या काळच्या ब्राह्मण समाजात अशा स्त्रीला जागाच नव्हती. नवरा जिवंत म्हणून ती विधवा नव्हे. आणि नवरा बाटला म्हणून ती सवाष्ण असूनही नसल्यासारखी. कपाळी कुंकू होते, पण ज्याच्या नावाचे ते कुंकू त्याच्या हातचे पाणी घेण्याची सोय नव्हती. नातलगांच्या घरी आश्रयाने राहावयाचे, लोकांच्या दृष्टीतली कीव व तिरस्कार मुकाट्याने गिळावयाचा, आणि मुलगा बाबा कोठे गेले म्हणून विचारू लागला म्हणजे त्याला काय सांगावे याचा विचार करीत बसावयाचे, असे दिवस त्यांनी काढले. त्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले नव्हते. त्यांस कोणी हिशेब करावयास सांगितले नव्हते. तरी ख्रिस्ताच्या शिष्यत्वाचे मोल त्या घरात सर्वांत आधी त्यांनीच भरले.

टिळकांनी चूक केली काय, असे कोणी विचारील. त्यांनी प्रभूच्या हाकेस होकार दिला यात चूक नव्हती. त्यांनी आधी बोलावयास हवे होते, असे मला वाटते. बोलल्याने बेत मोडला असता, नातलगांनी अडवून धरले असते, असे भय त्यांस वाटले असेल. ते भय अगदी पोकळ होते असेही म्हणवत नाही. परंतु थोर मनुष्यांची चरित्रे सांगताना त्यांच्यातील उणे झाकून ठेवणे हे आपल्या शास्त्राच्या रीतीस धरून नाही. अब्राहामाचे असत्य, दाविदाचे पाप आणि पेत्राचे नाकारणे पवित्र शास्त्राने झाकले नाही. मग टिळकांविषयी तरी आपण का झाकावे? ज्याने सारे सोडले, त्याने सोडताना ज्यांना न विचारता त्यांचेही सोडले, त्यांच्याशी त्याचे एक देणे राहून जाते.

ते देणे टिळकांनी ओळखिले, आणि येथूनच त्यांचे खरे शिष्यत्व दिसू लागते. त्या काळी १८६६ सालचा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याची पत्नी त्या कारणाने त्याच्याबरोबर नांदावयास तयार नसली, तर ठराविक मुदतीनंतर न्यायालयाच्या द्वारे विवाह मोडून घेण्याची वाट त्याला मोकळी होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी दुसरा संसार मांडला नाही. अहमदनगरास, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, राहून ते मिशनच्या सेमिनरीत शिकवीत होते, लिहीत होते, आणि पत्नीची वाट पाहत होते. पत्रे लिहीत, भेटावयास जात, अपमान होत ते सोशीत. तापट मनुष्याला वाट पाहण्याइतके कठीण दुसरे काय असेल? रागाच्या भरात जे एका दिवसात करता येते, ते न करता वर्षे काढणे हाच त्यांचा वधस्तंभ होता, असे मी म्हणेन.

सुमारे साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई मुलासह पतीकडे नांदावयास आल्या. त्या ख्रिस्ती होण्यास आल्या नव्हत्या; बायको म्हणून आल्या होत्या. आपले सोवळेओवळे त्यांनी बरोबर आणले होते. टिळकांनी त्यावर जुलूम केला नाही. एकाच कुटुंबात दोन चाली, दोन पाण्याची भांडी, दोन रीती चालू राहिल्या. धर्म हा घरच्या धन्याच्या हुकमाने पाळावयाचा नसतो, हे टिळकांनी शिकून घेतले होते. घरी येणाऱ्याजाणाऱ्या ख्रिस्ती लोकांत अठरापगड जातींचे लोक असत. लक्ष्मीबाई त्यांस पाहत होत्या, त्यांची दुःखे ऐकत होत्या, आणि आपले मन तपासीत होत्या. अखेर त्यांचा आपल्याशीच निवाडा झाला की जातिभेद देवाने केलेला नाही. तो मनुष्यांनी केला आहे. असे ठरताच त्यांनी वाटेल त्याच्या हातचे पाणी घेण्यास मन तयार केले. धुतल्यावाचून धान्य घरात न घेणाऱ्या बापाची ती मुलगी होती, हे आठवा, म्हणजे त्या एका पेल्याचे मोल कळेल. १९०० साली त्यांनी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. पतीने पाच वर्षांपूर्वी जो उंबरठा एकट्याने ओलांडला, तो त्यांनी स्वतःच्या पायांनी ओलांडला. कोणी उचलून नेले नाही, कोणी ढकलले नाही.

आता प्रतिफळाची गोष्ट. प्रभूने शंभरपट देण्याचे अभिवचन दिले आहे, आणि त्यातच छळाचाही उल्लेख करून ठेविला आहे, हे वाचक जाणतात. टिळकांस द्रव्य मिळाले नाही; मिळते तर त्यांच्या घरात ते टिकलेही नसते. गेलेली जात व गेलेला मान परत आला नाही. प्रतिफळ आले ते निराळ्याच वाटेने आले.

१८९९ व १९०० च्या भयंकर दुष्काळात अहमदनगर जिल्ह्यातील पोरकी लेकरे मिशनच्या दारी आली. त्या वेळी ज्या घरात एकदा नवराबायकोचीही एक पंगत होत नव्हती, त्या घरात अनाथ मुलांना थारा मिळाला. कोणाचे मूल, कोणत्या जातीचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी विचारला नाही. पुढे त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांस महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखितो, ते तरुणपणी या घरात राहिले व त्यांनी तेथे आईची माया अनुभविली. ठोमरे ख्रिस्ती नव्हते, आणि त्या मायेला तशी अट नव्हती. एक घर सोडले त्याला शंभर घरे, एक आई सोडली तिला शंभर मुले, असा हिशेब जुळू लागला.

दुसरे प्रतिफळ त्यांच्या वाणीला लाभले. त्यांच्या पूर्वी आपल्या उपासनेत बहुतेक गीते परकीय चालींवर बसविलेली असत. खेड्यातील मनुष्य ती म्हणे, पण त्याचा ऊर भरून येत नसे. टिळकांनी अभंग, ओवी, पदे या आपल्या मातीतील साच्यांत ख्रिस्ताची भक्ती ओतली. शेतावर बाया ज्या लयीत गातात व वारकरी ज्या ठेक्यावर नाचतात, त्याच लयीत प्रभूचे नाव येऊन बसले. त्यांची शंभराहून अधिक गीते मंडळीच्या संग्रहात आली. मुलांवर व फुलांवर त्यांनी लिहिलेल्या कविता तर ख्रिस्ती नसलेल्या लाखो मराठी घरांनी आपल्या मानल्या. ज्याला देशद्रोही म्हटले होते, त्याच्याच कविता शाळाशाळांतून मुले पाठ म्हणू लागली. ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले.

इतके झाल्यावर पन्नाशी उलटलेल्या मनुष्याने विसावा घेतला असता तर कोणी नाव ठेविले नसते. पण टिळकांचा हिशेब पुरा झाला नव्हता. मिशनच्या पगारावर आपण ख्रिस्ताची सेवा करतो, आणि म्हणून देशबांधवांस आपला ख्रिस्त परक्यांचा वाटतो, ही खंत त्यांस जाळीत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्याशाचा वेष पत्करला, आणि साताऱ्यास देवाचा दरबार या नावाने एक बंधुमंडळ स्थापिले. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, जे जे ख्रिस्ताचे शिष्य होऊ इच्छितात त्या सर्वांस तेथे जागा असावी, अशी त्यांची कल्पना होती. पुष्कळ ख्रिस्ती मित्रांस हे रुचले नाही. घरची घडी पुन्हा विसकटली, आणि पुन्हा तो भार लक्ष्मीबाईंवर आला. पण १८९५ व १९१७ यांत एक फरक होता. पहिल्या वेळी त्या बाहेर उभ्या होत्या. या वेळी त्या आत होत्या. भार तोच असला तरी तो कशासाठी उचलावयाचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याची पाठ तितकी वाकत नाही.

तो दरबार वाढीस लागलेला पाहण्याचे टिळकांच्या नशिबी नव्हते. १९१९ साली मे महिन्याच्या ९ व्या तारखेस मुंबईस त्यांचा अंत झाला. वय सत्तावन्न वर्षांचे होते. ख्रिस्ताच्या चरित्रावर त्यांनी ख्रिस्तायन नावाचे महाकाव्य आरंभिले होते. त्याचे पहिले काही अध्याय मात्र लिहून झाले होते. बाकीचा सारा ग्रंथ तसाच राहिला होता.

तो कोणी पुरा केला? मोठमोठे विद्वान होते, पदवीधर होते, मिशनरी पंडित होते. त्यांच्यापैकी कोणी तो पुरा केला नाही. ज्या बाईला शाळा माहीत नव्हती, जिला अक्षर पतीने शिकविले होते, जिला बाप्तिस्म्याची वार्ता मागाहून कळली होती, तिने पतीच्या पश्चात लेखणी उचलली व वर्षानुवर्षे खपून ते काव्य शेवटास नेले. पतीने लिहिलेल्या भागाच्या कितीतरी पट भाग तिचा आहे. लक्ष्मीबाई १९३६ साली प्रभूकडे गेल्या आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आपल्या आठवणीही लिहून ठेविल्या. १९३४ पासून त्या स्मृतिचित्रे या नावाने निघाल्या, आणि मराठी भाषेतील उत्तम ग्रंथांत त्यांची गणना झाली. त्यात पतीचा राग, त्यांचा विसराळूपणा, पैशाची उधळण, काहीही लपविलेले नाही. पण वाचणारा हसता हसता डोळे पुसतो, कारण त्या सर्वांवर क्षमेची सावली पडलेली आहे. टिळकांचे देणे फिटले की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार एका लक्ष्मीबाईंसच होता; आणि त्यांनी तो कसा दिला हे त्या पुस्तकात दिसते.

प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो, या चरित्रावरून माझ्या मनाला जे वाटले ते थोडक्यात सांगतो.

आपल्या गावोगावच्या मंडळ्यांच्या पूर्वजांनी टिळकांहून कमी मोल दिले असे समजू नका. कोणाचे बलुते बंद झाले, कोणाला भाऊबंदांनी पंगतीतून उठविले, कोणाच्या मुलीला सोयरीक मिळेना, कोणाला पाण्यासाठी नदीच्या वाळूत झरा खणावा लागला. त्यांची नावे पुस्तकात आली नाहीत, कारण त्यांच्यात लिहिणारी लक्ष्मीबाई नव्हती. ती नावे जीवनाच्या पुस्तकात आहेत. ज्यांच्या आजीला हे दिवस आठवत असतील त्यांनी तिला विचारून घ्यावे, आणि आपल्या मुलांस सांगावे.

जे आज उपदेशकाचे काम करीत आहेत त्यांस माझी एक विनंती आहे. कोणी पुरुष बाप्तिस्मा मागावयास आला म्हणजे त्याच्या घरी जा. ओसरीवरून परत येऊ नका; आत चुलीपाशी जी बसली आहे तिची भेट घ्या. तिला काय वाटते ते विचारा आणि तिचे बोलणे पुरे होईपर्यंत ऐका. बाप्तिस्म्यास दोन महिने उशीर लागला तर देवाच्या राज्याचे काही बिघडत नाही. पण एका बाईचे मन कायमचे तुटले तर ते सांधावयास साडेचार वर्षेही पुरत नाहीत. आणि ज्याची पत्नी किंवा पती अजून बाहेर उभा आहे, त्याने टिळकांपासून एवढे शिकावे की ओढून आणावयाचे नाही, टाकूनही द्यावयाचे नाही. दोन चाली चालू द्याव्या, पाण्याचे भांडे निराळे असले तर असू द्यावे, आणि प्रार्थना करीत वाट पाहावी.

कोणी म्हणेल की आम्ही सारे सोडले, पण प्रतिफळ कोठे आहे? ते ज्या दाराने गेले त्याच दाराने परत येईल असे समजून त्या दाराकडे डोळे लावून बसू नका. टिळकांचे प्रतिफळ ज्या माणसाला त्यांनी सर्वांत अधिक दुखविले होते, त्याच माणसाच्या हातून आले. तुमचेही कदाचित तेथूनच येत असेल. आज घरी गेल्यावर तुमच्या शिष्यत्वाचे मोल तुमच्या वाटचे कोणी कोणी भरले आहे, त्यांची नावे आठवा. आणि आई असो, बायको असो, भाऊ असो, जो हाताशी असेल त्याच्यापाशी जाऊन एक गोड शब्द बोला. प्रभू आपल्या सर्वांस तशी बुद्धी देवो. आमेन.